हवेतला हा कार्बन आला कुठून?

पृथ्वीचं हवामान याआधीही अनेकदा बदललं, मग या वेळीच माणसाला जबाबदार का धरायचं? जागतिक तापमानवाढीचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. प्रश्न रास्त आहे. म्हणूनच तो टोलवून न लावता त्याचं नीट उत्तर द्यायला हवं.

चार्ल्स कीलिंग यांनी 1958 मध्ये हवाई बेटांवरच्या मौना लोआ इथे हवेतला कार्बन डायऑक्साइड, म्हणजे उष्णता अडवून ठेवणारा वायू, मोजायला सुरुवात केली, तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे 315 भाग होता. आता तो 420 च्या वर गेलाय. औद्योगिक क्रांतीपूर्वी तो 280 च्या आसपास होता, हे अंटार्क्टिकाच्या बर्फात अडकलेल्या जुन्या हवेच्या बुडबुड्यांवरून कळतं.

पण ही भर ज्वालामुखींनी किंवा समुद्राने घातली नसेल कशावरून? इथे खुद्द कार्बनच साक्ष देतो. कार्बन-14 हा किरणोत्सारी प्रकार सुमारे 5,730 वर्षांत निम्मा होतो. कोळसा आणि खनिज तेल कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेलं असल्याने त्यात तो जवळपास शिल्लकच नसतो. हान्स सूस यांनी 1955 मध्ये झाडांचं लाकूड तपासलं, तेव्हा विसाव्या शतकात वाढलेल्या लाकडात कार्बन-14 जुन्या लाकडापेक्षा कमी भरला. जुन्या इंधनाचा धूर झाडांनी शोषला होता! दुसरा पुरावा ऑक्सिजनचा. हवेतला ऑक्सिजन अगदी किंचित घटतोय. श्वासाला कमी पडेल इतका नाही, पण मोजता येतो. समुद्रातून किंवा ज्वालामुखीतून नुसता वायू बाहेर पडला असता, तर ऑक्सिजन खर्ची पडला नसता. तो ज्वलनातच लागतो.

मग सूर्य? सूर्य तापल्यामुळे हे होत असतं, तर वातावरणाचे खालचे-वरचे सगळेच थर तापले असते. प्रत्यक्षात जमिनीलगतचा थर तापतोय आणि त्याच्या वरचा स्थितांबर थंड होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला तर असंच होईल, हे स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी 1967 मध्येच गणिताने दाखवलं होतं. मला हा सगळ्यात भक्कम पुरावा वाटतो.

जादा उष्णतेपैकी सुमारे 90 टक्के समुद्र शोषून घेतो. पाणी तापून प्रसरण पावतं, शिवाय जमिनीवरचा बर्फ वितळून त्यात भर पडते. 1901 पासून समुद्राची पातळी सुमारे 20 सेंटिमीटर वाढली आहे. हवा एक अंशाने तापली की ती साधारण 7 टक्के जास्त बाष्प धरू शकते, त्यामुळे कोसळणारा पाऊसही जोरदार होतो.

शास्त्रज्ञांमध्ये मतभेद आहेत, ते पुढच्या हिशेबाबद्दल. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर तापमान किती वाढेल? 1979 मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांच्या एका गटाने तयार केलेल्या चार्नी अहवालाने दीड ते साडेचार अंश असं उत्तर दिलं. खरी अडचण ढगांची. खालचे दाट ढग ऊन परतवतात, उंचावरचे विरळ ढग उष्णता अडवतात, आणि तापलेल्या जगात कोणते किती राहतील हे ठरवणं अवघड. धुरातल्या गंधकाचे कणही ऊन अडवतात. त्यांनी आजवर किती तापमानवाढ झाकून ठेवली, यावरही वाद आहे. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या 2021 च्या अहवालात दुपटीमुळे होणाऱ्या तापमानवाढीची ही शक्यता अडीच ते चार अंशांवर आली.

यातल्या अडीचच्या आकड्यानेही मला हायसं वाटत नाही. शेवटचं हिमयुग ऐन भरात असताना पृथ्वीचं सरासरी तापमान औद्योगिक क्रांतीपूर्वीच्या मानाने साधारण 5 ते 7 अंशांनीच कमी होतं, आणि तेवढ्या फरकाने उत्तर अमेरिकेचा मोठा भाग काही किलोमीटर जाडीच्या बर्फाखाली होता.