स्वॅप फाइल (विम एडिटर)

विम या टेक्स्ट एडिटरमध्ये एखादी फाइल उघडली की तिच्याच शेजारी गुपचूप तयार होणारी दुसरी फाइल. नाव मूळ फाइलचंच, फक्त आधी एक टिंब आणि शेवटी 'डॉट एसडब्ल्यूपी', त्या टिंबामुळे ती साध्या यादीत दिसत नाही. लाइट गेली, मशीन हँग झालं, सर्व्हरचं कनेक्शन तुटलं तर सेव्ह न केलेला मजकूर इथूनच परत मिळतो.

हिचा उगम दोन तऱ्हांनी सांगता येतो. एक म्हणजे क्रॅशपासून बचाव म्हणूनच ही सोय केली, दुसरं म्हणजे मेमरी पुरत नव्हती म्हणून मजकूर डिस्कवर ठेवावा लागला आणि रिकव्हरी त्यातून हाती लागली. दुसरं जास्त पटतं. युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा जुना 'ईडी' एडिटर चालू मजकूर टेम्प (तात्पुरत्या फाइलींच्या) डिरेक्टरीतल्या फाइलीत ठेवायचा, कारण पीडीपी-११ मशीनवर प्रोग्रॅमच्या वाट्याला जेमतेम ६४ केबीच्या आसपास जागा यायची. बिल जॉयने बर्कलीत लिहिलेल्या 'ईएक्स' आणि 'व्हीआय'नेही (काळ साधारण १९७६ ते १९७९, कुठली आवृत्ती पहिली धरायची त्यावर वर्ष बदलतं) तेच केलं, पण त्यात एक मोलाची भर पडली: मशीन पुन्हा सुरू होताना एक वेगळा प्रोग्रॅम टेम्पमधल्या बेवारस फाइली उचलून 'प्रिझर्व्ह' डिरेक्टरीत ठेवायचा आणि ज्याचं काम त्याला मेल टाकून कळवायचा की तुमची फाइल वाचलीय. याच व्हीआयच्या धर्तीवर ब्रॅम मोलेनारने १९८८ च्या सुमारास अमिगा कॉम्प्युटरवर विमचं काम सुरू केलं, १९९१ मध्ये ते लोकांसाठी आलं. विममधला 'मॅक्समेम' हा पर्याय, म्हणजे एका बफरने (मेमरीत उघडलेल्या फाइलच्या मजकुराने) किती मेमरी खायची ती मर्यादा, आणि खुद्द 'स्वॅप' हे नाव, दोन्ही मेमरीच्या टंचाईकडेच बोट दाखवतात.

मुळात ठरलेली सेटिंग अशी की २०० अक्षरं टाइप झाली किंवा ४ सेकंद हात थांबला की स्वॅप डिस्कवर लिहिली जाते, त्यामुळे सहसा शेवटचं थोडंसंच जातं. स्वॅपच्या पहिल्या ब्लॉकमध्ये, म्हणजे तुकड्यात, फाइलचं नाव, युजर, मशीनचं नाव आणि प्रोसेस आयडी (चालू प्रोग्रॅमचा क्रमांक) असतो. मात्र सगळा मजकूर स्वॅपमध्ये असेलच असं नाही, न बदललेले तुकडे रिकव्हरीच्या वेळी मूळ फाइलमधून घेतले जातात, म्हणून क्रॅश झाल्यावर मूळ फाइलला आधी हात लावू नये.

पुन्हा फाइल उघडली की 'ई३२५: अटेन्शन' असा इशारा येतो आणि इथेच लोक घाईत डिलीट दाबून मोकळे होतात, तासाभराचं काम त्या एका बटणात जातं. आधी नीट वाचावं. प्रोसेस आयडीपुढे 'स्टिल रनिंग' असेल तर फाइल दुसऱ्या टर्मिनलमध्ये उघडीच आहे, क्विट करून तिकडे जायचं. तसं नसेल आणि 'मॉडिफाइड: येस' दिसत असेल तर आर दाबून रिकव्हर करायचं, वेगळ्या नावाने सेव्ह करायचं, डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी कमांड) लावून मूळ फाइलशी ताडून बघायचं आणि मगच स्वॅप उडवायची. ती आपोआप जात नाही, राहिली तर पुढच्या वेळी तोच इशारा येतो आणि तेव्हा सवयीने रिकव्हर केलं तर नव्या कामाच्या जागी जुना मजकूर समोर येतो.

ईमॅक्स या दुसऱ्या एडिटरमध्ये हेच काम नावाच्या दोन्ही बाजूंना हॅश लावलेली ऑटोसेव्ह फाइल करते, ३०० कीस्ट्रोक किंवा ३० सेकंद विश्रांती हा तिचा हिशोब.

स्वॅपच बिघडली असेल तर शेवटचा उपाय 'स्ट्रिंग्स' कमांड, ती कुठल्याही फाइलीतला वाचता येणारा मजकूर वेगळा काढते. त्यात ब्लॉकमधल्या ओळी उलट्या क्रमाने येतात कारण विम त्या ब्लॉकच्या शेवटापासून मागे भरत जातं, ओळींचा क्रम उलटवणाऱ्या 'टॅक' कमांडने त्या सरळ करून घ्याव्यात. मराठीत लिहिणाऱ्यांनी इथे खास लक्ष द्यावं: ही कमांड एरवी साधी रोमन अक्षरंच शोधते, देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ३ बाइटचं असल्याने अख्खा मराठी मजकूर गाळला जातो आणि फाइल रिकामीच आहे असं वाटतं. ग्नूच्या स्ट्रिंग्सला डॅश ई आणि पुढे कॅपिटल एस हा पर्याय दिला की देवनागरी ओळीही बाहेर येतात.