कपाट, नऊ मीटरचा रस्ता आणि नाशिकच्या बांधकाम व्यावसायिकांची संघटना

क्रेडाई नाशिक मेट्रो या शहरातील बांधकाम व्यावसायिकांच्या संघटनेत दर दोन वर्षांनी नवे अध्यक्ष आणि नवी कार्यकारिणी येते. उमेश वानखेडे, रवी महाजन, कृणाल पाटील, गौरव ठक्कर ही अलीकडच्या अध्यक्षांची नावे नाशिककरांच्या परिचयाची आहेत. पदग्रहणाच्या बातम्यांत सत्कार आणि संकल्प सविस्तर येतात, परंतु मागील कार्यकारिणीने कोणते प्रश्न अर्धवट सोपवले याचा उल्लेख त्यांत क्वचितच सापडतो. त्या प्रश्नांचे वय कोणत्याही अध्यक्षाच्या मुदतीपेक्षा मोठे आहे आणि संघटनेच्या पाठपुराव्याचे मोल ठरवायचे तर तेथूनच सुरुवात करावी लागते.

नाशिक महानगरपालिका 1982 मध्ये स्थापन झाली. नाशिक, नाशिकरोड-देवळाली आणि सातपूर या नगरपालिका व भोवतालची खेडी तिच्यात आली आणि अंबड-सातपूरच्या कारखान्यांमुळे वाढलेल्या वस्तीला घरे देण्याचे काम सिडकोबरोबर खासगी व्यावसायिकांकडे आले. सदनिका विक्रीचा 1963 चा मोफा कायदा आणि 1976 चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा ही त्या काळातील व्यवसायाची चौकट होती. कमाल धारणा कायदा केंद्राने 1999 मध्ये रद्द केला, तरी महाराष्ट्राने तो निर्णय स्वीकारण्यास 2007 उजाडले. देशभरातील स्थानिक संघटनांना एकत्र आणणारी क्रेडाई 1999 मध्येच उभी राहिली होती.

शहराचा विकास आराखडा 1993 मध्ये मंजूर झाला. त्याच्या आधारे इंदिरानगर, पाथर्डी फाटा, गंगापूर रोड या भागांत भूखंड पडले आणि अनेक वसाहतींतील अंतर्गत रस्ते सहा किंवा साडेसात मीटर रुंदीचे ठेवले गेले. या रुंदीचे परिणाम पुढे वीस वर्षांनी दिसले.

संघटनेच्या इतिहासातील सर्वांत अवघड अध्याय म्हणजे कपाटाचा प्रश्न, आणि तो बाहेरच्या माणसाला सहज समजत नाही. जुन्या नियमावलीनुसार खोलीच्या भिंतीबाहेर काढलेल्या कपाटाच्या जागेला चटईक्षेत्र निर्देशांकात (एफएसआय), म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळावर किती बांधकाम करता येते त्या प्रमाणात, सवलत मिळत असे. मंजूर नकाशावर त्या जागी एक अरुंद चौकट असे. प्रत्यक्ष बांधकामात मधली भिंत घातलीच जात नसे, कपाटाची ती दोन फूट खोल जागा शयनगृहाला जोडली जाई आणि घेणाऱ्याच्या पलंगाचे उशाकडचे टोक नकाशातल्या कपाटात येई. 2014-15 च्या सुमारास महापालिकेने हे क्षेत्र एफएसआयमध्ये मोजण्याचा आग्रह धरला आणि पूर्णत्वाचे दाखले थांबले. ज्या कुटुंबांनी कर्ज काढून घर घेतले होते, त्यांच्या हाती चावी होती पण दाखला नव्हता. नियमाचा सोयीस्कर अर्थ लावला गेला, हे व्यावसायिकांनी मान्य करायला हवे. इतकी वर्षे तेच नकाशे आणि त्याच इमारती पाहणाऱ्या नगररचना विभागालाही त्याच्या जबाबदारीतून मोकळे होता येत नाही.

वाढीव क्षेत्र टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेवरचा हस्तांतरणीय विकास हक्क, विकत घेऊन नियमित करणे हा एक मार्ग होता. परंतु जानेवारी 2016 च्या राज्याच्या टीडीआर धोरणात नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरील भूखंडाला टीडीआर वापरण्याची मुभा राहिली नाही आणि नेमक्या त्याच गल्ल्यांत कपाटाच्या इमारती अधिक होत्या. संघटनेने मुंबईत मंत्रालयापर्यंत धरलेला पाठपुरावा प्रामुख्याने याच कोंडीसाठी होता. त्यातून पुढे आलेला तोडगा महापालिका अधिनियमाच्या कलम 210 चा होता: सहा मीटर रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर, साडेसात मीटरच्या रस्त्याला पाऊण-पाऊण मीटर जागा सोडून रस्ता नऊ मीटरचा दाखवायचा आणि मग टीडीआर वापरायचा. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात समोरच्या बंगल्याचा मालक कुंपण मागे घ्यायला तयार असावा लागतो, आणि त्याला त्यात स्वतःचा काहीच लाभ दिसत नसतो.

याच काळात इतर संकटेही कोसळली. घनकचऱ्याच्या व्यवस्थापनावरून राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये शहरातील नव्या बांधकाम परवानग्यांवर निर्बंध आणले. सुधारित विकास आराखडा आणि त्याची नियमावली 2017 मध्ये लागू झाली, त्याच वर्षी 1 मे रोजी महारेराचे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाचे, काम सुरू झाले. मोकळ्या भूखंडांवरील करवाढीचा वाद 2018 चा आहे. त्या वेळी शेतकरी, नागरिक आणि बांधकाम व्यावसायिक एका बाजूला उभे राहिले, हे नाशिकमध्ये वारंवार घडत नाही.

महारेरामुळे संघटनेचे स्वरूपही बदलले. प्रवर्तकांनी मान्यताप्राप्त स्वयंविनियामक संघटनेचे सदस्य असावे, असे महारेराने 2019 मध्ये ठरवले. त्यामुळे केवळ निवेदने देणारी संघटना सदस्यांच्या वर्तनालाही काही अंशी उत्तरदायी झाली.

त्यानंतर डिसेंबर 2020 मध्ये मुंबईसारखे काही भाग वगळून जवळजवळ संपूर्ण राज्याला एकच नियमावली, युडीसीपीआर, लागू झाली. तिच्यातील ‘पी-लाइन’च्या संकल्पनेने बाल्कनी, जिना असे सर्व बांधलेले क्षेत्र मोजणीत आणले आणि त्याबदल्यात निवासी बांधकामाला 60 टक्क्यांपर्यंत पूरक एफएसआय अधिमूल्य (प्रीमियम) भरून उपलब्ध केला. मोजणीतून लपवण्यासारखी जागाच उरली नाही, म्हणून नव्या इमारतींपुरता कपाटाचा वाद संपला. दर काही वर्षांनी तडजोड मागण्यापेक्षा स्पष्ट नियम मागणे अधिक हिताचे असते, याचा इतका ठळक पुरावा दुसरा नाही.

एका बाबतीत मात्र या क्षेत्राची बाजू लंगडी राहिली. चार हजार चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरील प्रकल्पांत 20 टक्के घरे अल्प व अत्यल्प उत्पन्न गटांसाठी राखण्याची तरतूद 2013 मध्ये मोठ्या शहरांसाठी आली. नाशिकमध्ये तिची अंमलबजावणी झाली नाही, या आरोपाने 2022 मध्ये विधिमंडळात गदारोळ झाला आणि महापालिका आयुक्तांची बदलीही झाली. कोणत्या प्रकल्पात किती घरे देय होती आणि किती दिली गेली, याची यादी व्यावसायिकांनी स्वतःहून जाहीर केली असती, तर पुढच्या प्रत्येक निवेदनाला अधिक वजन आले असते.

आजच्या कार्यकारिणीपुढे 2027 च्या कुंभमेळ्याची कामे आहेत आणि 2017 मध्ये स्थापन झालेल्या नाशिक महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या हद्दीतील गावांचे परवानग्यांचे प्रश्न आहेत. त्यांच्या जोडीला 1993 च्या आराखड्याखाली उभ्या राहिलेल्या चार मजली इमारती आता पुनर्विकासाच्या वयाला आल्या आहेत. युडीसीपीआरनुसार गावठाणाबाहेर नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर मूळ एफएसआय 1.1 एवढाच मिळतो. नऊ मीटरचा रस्ता असल्यास अधिमूल्य आणि टीडीआर धरून तो 2 पर्यंत जातो. साडेसात मीटरच्या गल्लीतील गृहनिर्माण संस्थेचे अध्यक्ष पुनर्विकासाची चौकशी करायला येतात, तेव्हा व्यावसायिक आधी टेप घेऊन रस्ता मोजतो.