केन हिलची पाणपायरी

इंग्लंडच्या विल्टशरमधल्या डिव्हायझेस गावाबाहेर लोक डबा घेऊन येतात, काठावर बसतात आणि बोटी टेकडी चढताना बघत राहतात. बोट टेकडी चढते कशी? आपल्याकडे कालवा म्हणजे शेतीचं पाणी, पण हा केनेट-एव्हन कालवा मालवाहतुकीचा रस्ता होता. चढ आला की दोन दरवाज्यांमधल्या हौदात बोट घ्यायची, खालचे दरवाजे मिटायचे आणि वरचं पाणी सोडायचं. हौद भरतो तशी बोट उचलली जाते. हेच लॉक.

डिव्हायझेसजवळ सुमारे दोन मैलांत 237 फूट चढ आहे आणि त्यासाठी 29 लॉक्स आहेत. त्यांतली 16 केन हिलच्या उतारावर एका रांगेत उभी आहेत. चढ इतका उभा की दोन लॉक्सच्या मध्ये पुरेसं पाणी साठायला जागाच नव्हती, म्हणून अभियंता जॉन रेनी यांनी त्यांच्या बाजूला रुंद तळी काढली. मला या जागेतलं सगळ्यात सुंदर काही वाटत असेल तर ती तळी. आज तिथे बदकं पोहतात, पण ती खोदली होती निव्वळ गरजेपोटी.

1810 साली ही लॉक्स पुरी झाली. त्याआधी टेकडीवर माल चढवायला घोड्यांची रूळगाडी होती. पुढे रात्रीही बोटी जाव्यात म्हणून 1829 ते 1843 या काळात इथे गॅसचे दिवे जळत. मग रेल्वे आली. 1852 मध्ये ग्रेट वेस्टर्न रेल्वेने कालवाच ताब्यात घेतला आणि माल हळूहळू रुळांवर गेला. इथून शेवटचा माल 1948 मध्ये गेला. त्यानंतर दरवाजे कुजले, हौदांत झुडपं माजली.

1956 मध्ये कालव्यावरचा वाहतुकीचा हक्कच काढून घेण्याचा प्रस्ताव संसदेत आला. तेव्हा 22 हजार सह्यांचा अर्ज ब्रिस्टलहून लंडनला पाण्यातूनच नेला गेला. बोट जाईना तिथे कनूमधून, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होडीतून. हे वाचताना मला आजही भरून येतं. पुढची कित्येक वर्षं स्वयंसेवकांनी गाळ उपसला, पैसा उभा केला. 8 ऑगस्ट 1990 रोजी राणी एलिझाबेथ यांच्या हस्ते कालवा पुन्हा खुला झाला.

बोट वर जावो की खाली, दर खेपेला हौदभर पाणी उताराला लागतं. ते परत वर चढवायला 1996 मध्ये पायथ्याशी पंप बसवले. दिवसाला 3 कोटी 20 लाख लिटर पाणी उचलण्याची त्यांची ताकद आहे. बोटीला मात्र सगळी लॉक्स पार करायला आजही पाच-सहा तास लागतात, त्यामुळे काठावरच्या माणसाला डबा निवांत खाता येतो.