मुळशी धरण: वीज मुंबईला, जमीन मावळातली

मुळशी धरणाची गोष्ट खरं तर मुंबईच्या गिरण्यांपासून सुरू होते. गिरण्या कोळशावर चालायच्या, कोळसा लांबून यायचा, खर्च आणि धूर दोन्ही भरपूर, म्हणून टाटांनी सह्याद्रीच्या माथ्यावर पाणी अडवून ते खाली कोकणात सोडायचं आणि त्यावर वीज करायची असं ठरवलं. १९१५ ला खोपोलीचं वीजकेंद्र सुरू झालं, १९२२ ला भिवपुरी, आणि तिसरा नंबर मुळा-नीला नद्यांच्या संगमावरच्या मुळशीचा.

पण इथं खोऱ्यात गावं होती, पन्नासच्या वर, आणि खाचरात आंबेमोहर पिकायचा. शेतकऱ्यांना धड न विचारताच चर खणायला सुरुवात झाली, लोक भडकले. १६ एप्रिल १९२१, रामनवमी, त्या दिवशी हजारावर मावळे कामावर जाऊन बसले आणि काम बंद पाडलं. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते याच लढ्यात.

काम काही महिने थांबलं, मग सरकारने भूसंपादन कायदा लावला आणि परत सुरू. बायकासुद्धा तुरुंगात गेल्या. आता यातली खरी मेख बघा, बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे अडकलेल्या, त्यामुळे भरपाईचा भाव चांगला आल्यावर सावकार खूश आणि कसणारा तसाच. माझ्या मते लढा तिथेच निम्मा हरला, पुढे अहिंसा किती पाळायची यावरून नेत्यांतही वाजलं. शेवटी १९२४ च्या डिसेंबरात बापटांनी पिस्तूल घेऊन कामाची रेल्वे अडवली, त्यांना सात वर्षांची शिक्षा झाली आणि सत्याग्रह संपला. १९२७ ला वीज सुरू.

गंमत म्हणजे धरणापाशी पॉवरहाऊस नाहीच. पाणी डोंगरातून पाइपने पाचशे मीटरच्या आसपास खाली भिऱ्याला उतरतं, तिथं टर्बाइन फिरवतं आणि मग कुंडलिका नदीत जातं, कोलाडचं राफ्टिंग चालतं ते याच सोडलेल्या पाण्यावर. म्हणजे पूर्वेला भीमेत जाणारं पाणी पश्चिमेला समुद्रात. म्हणूनच उन्हाळ्यात पूर्वेकडे टंचाई पडली की मुळशीचं पाणी परत तिकडे वळवा ही मागणी परत डोकं वर काढते.