आठवडी बाजार आणि शेतकरी बाजार: सोलापुरात सुट्टीवर येणाऱ्यांनी ओळखायचा फरक

दिवाळीच्या किंवा नाताळच्या सुट्टीत पंढरपूर, अक्कलकोट आणि तुळजापूर अशी देवदर्शनाची फेरी काढून सोलापुरात मुक्कामाला येणारे पाहुणे हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: इथला शनिवार-रविवारचा शेतकरी बाजार कुठे भरतो? त्यांच्या मनात असतात पालांच्या रांगा, ज्वारीची पोती, मिरचीचे ढीग आणि भज्यांच्या कढया, म्हणजे खरे तर आठवडी बाजार. शेतकरी बाजार, म्हणजे पिकवणाऱ्याने आपला माल थेट गिऱ्हाइकाला विकण्याचा बाजार, ही निराळी गोष्ट आहे. दोन्हीकडे भाजी मिळते आणि दोन्ही आठवड्यातून एकदाच भरतात, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याची गफलत होणे स्वाभाविक आहे. मात्र ही गफलत तशीच राहिली, तर विक्रेत्याला चुकीचा प्रश्न विचारला जातो, नको तिथे भाव पाडून मागितला जातो आणि एका चांगल्या बाजाराकडून दुसऱ्याची अपेक्षा ठेवून माणूस नाराज होऊन परततो.

घोटाळ्याची सुरुवात नावापासूनच होते. ‘आठवडी’ याचा अर्थ आठवड्यातून एकदा. शनिवार-रविवारशी त्याचा काही संबंध नाही. प्रत्येक गावाचा बाजाराचा वार पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला असतो. पलीकडच्या गावचा बाजार त्याच दिवशी येऊ नये आणि फिरत्या व्यापाऱ्यांना आठवडाभर एकेक गाव घेता यावे, अशी ही सोयीची वाटणी असते. सांगोल्याचा जनावरांचा बाजार रविवारी भरतो आणि खिलार बैल पाहायला लोक दुरून तिथे येतात. पण दुसऱ्या एखाद्या गावी तुम्ही रविवारी गेलात, तर मोकळे मैदान आणि दोन-चार शेळ्या एवढेच दिसेल. त्यामुळे ज्या गावी जायचे, तिथला बाजाराचा वार आधी विचारून घ्यावा. एसटी स्टँडवरचा चहावालासुद्धा तो सांगतो. शेतकरी बाजार मात्र शहरी गिऱ्हाइकाची सुट्टी पाहून बहुधा शनिवारी किंवा रविवारी सकाळी भरवला जातो.

आठवडी बाजार ही गावाची जुनी व्यवस्था आहे. जागा ग्रामपंचायतीची किंवा नगरपरिषदेची असते, बसणाऱ्याकडून जागेची पावती फाडली जाते आणि पुष्कळ ठिकाणी ही वसुली ठेक्याने दिलेली असते. पावती फाडणाऱ्याला तुमचा माल तुमच्या शेतातला आहे की कुठून आणलेला, याच्याशी काही कर्तव्य नसते. म्हणून तिथे सगळेच असतात: स्वतःच्या परड्यातली चार जुड्या मेथी घेऊन आलेली म्हातारी, पहाटे सोलापूरच्या मार्केट यार्डातून टेम्पो भरून आलेला भाजीवाला, सुकट-बोंबील विकणारी बाई, कासरे आणि दावी टांगून बसलेला दोरवाला, केरसुण्या, टोपल्या, स्टीलची भांडी, लहान मुलांचे कपडे, चपला, शेव-रेवडी. सोलापूर जिल्ह्याच्या दक्षिण आणि पूर्व कडेच्या बाजारांत एकाच रांगेत मराठी, कानडी, तेलुगू आणि दखनी अशा चार बोली ऐकू येतात. कानडीत अशा बाजाराला ‘संते’ म्हणतात आणि तेलुगूत ‘संता’. बाजार हा केवळ खरेदीचा दिवस नसतो. सोयरिकीचा निरोप, उसनवारीचा हिशेब, मजुरांची आठवड्याची मजुरी, पंक्चर काढणे, दाढी करणे ही सगळी कामे त्या दिवसाशी बांधलेली असतात. तिथला विक्रेता शेतकरी नसला, म्हणजे तो आपल्याला फसवतो आहे असे मुळीच नाही. आठवड्यातले सहा-सात दिवस सहा-सात गावे करणाऱ्या या माणसांमुळेच आडवाटेच्या गावाला नारळ, सफरचंद आणि सुई-दोरा मिळतो.

या बाजारात पाहुण्याने थांबून पाहावी अशी एक गोष्ट म्हणजे धान्याचे माप. दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, तरी खेड्यातल्या बाजारात ज्वारी, तूर आणि हरभरा यांचा हिशेब अजूनही कित्येकदा मापट्याने, शेराने आणि पायलीने होताना दिसतो. दोन मापटी म्हणजे एक शेर आणि चार शेर म्हणजे एक पायली. हे वजन नव्हे, आकारमान आहे. म्हणून भाव विचारताना किलोचा की पायलीचा, हे आधी स्पष्ट करून घ्यावे. गेल्या हिवाळ्यात एका बाजारात मी ज्वारी घेत होते. बाईंनी मापटे पोत्यात खुपसून वर काढले, वरच्या दाण्यांचा शंकू हाताने सावरला आणि म्हणाल्या, “घ्या की ओ ताई, शिगोशीग भरून देते.” ती शीग म्हणजे काठाच्या वर उभा राहिलेला ढीग, तोच हाताने सपाट केला, की ते काठोकाठ माप होते. दोन्हींच्या भावात फरक असतो, आणि तो कुठेही लिहिलेला नसतो. मग त्यांनी ओंजळभर दाणे उन्हाकडे धरले. मालदांडी या ज्वारीच्या वाणाचा दाणा टपोरा, मोत्यासारखा पांढरा आणि चमकदार असतो. दाताखाली धरला तर कडकन फुटतो. नरम लागला, तर ज्वारी पुरती वाळलेली नाही असे समजावे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु पोत्यावर नाव लिहिलेले असो वा नसो, दाणा दाताखाली धरण्याची ही परीक्षा त्याहून कितीतरी जुनी आहे.

शेतकरी बाजाराची गोष्ट अलीकडची आहे. महाराष्ट्रात कृषी उत्पन्न बाजार समित्यांचा कायदा १९६३चा. जुलै २०१६ मध्ये राज्य सरकारने फळे आणि भाजीपाला समित्यांच्या आवाराबाहेर नियमनमुक्त केला, म्हणजे त्यावरचे समितीचे बंधन काढले, त्यामुळे शेतकऱ्याला आपला माल आवारात न नेता थेट गिऱ्हाइकाला विकण्याची वाट मोकळी झाली. त्याच वर्षी ‘संत शिरोमणी श्री सावता माळी शेतकरी आठवडे बाजार अभियान’ सुरू झाले. शेतकऱ्यांचे गट आणि शेतकरी उत्पादक कंपन्या यांनी शहरातल्या मोकळ्या जागी ठरलेल्या दिवशी येऊन आपला माल स्वतः विकावा, मध्ये अडत्या आणि दलाल नसावा, ही त्यामागची कल्पना. तेव्हा शेजारी असलेल्या अखंड आंध्र प्रदेशात १९९९ पासून ‘रायतू बजार’ चालू होते, त्यामुळे सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू भाषक कुटुंबांना हा प्रकार ओळखीचा वाटला तर नवल नाही. अभियानाच्या अधिकृत नावातच ‘आठवडे बाजार’ हे शब्द असल्यामुळे दोन्ही बाजार एकच, असा समज पक्का होतो. मला मात्र त्या नावातला दुसरा भाग अधिक जवळचा वाटतो. सावता माळी हे आपल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील अरणचे. पंढरीला न जाता आपल्या मळ्यातल्या कांद्या-मुळ्यात आणि भाजीतच त्यांनी विठ्ठल पाहिला. १२९५ साली अरणलाच त्यांनी समाधी घेतली. भाजी पिकवणाऱ्याच्या हाताला मान देणाऱ्या बाजाराला याहून योग्य नाव सापडले नसते. पंढरपूरच्या वाटेवर असाल आणि वेळ असेल, तर अरणला जरूर थांबावे.

जागेवर उभे राहिल्यावर दोन्हींतला फरक कसा ओळखायचा? फलक पाहू नये, माल पाहावा. पिकवणाऱ्याच्या पुढ्यात सहसा तीन-चार जिन्नस असतात आणि त्यात लहान-मोठे, वाकडे-तिकडे सगळे मिसळलेले असते, कारण झाडाने जे दिले ते त्याने आणलेले असते. त्याच्याकडे वांगी असतील तर कदाचित वांग्याखेरीज फक्त कोथिंबीर आणि मिरची असेल. एका पालाखाली सफरचंद, शहाळे, फ्लॉवर आणि आले एकत्र दिसले, तर तो माल सोलापूरच्या एका शेतातला असणे शक्य नाही. या जिल्ह्यात पाऊस कमी, जमीन काळी आणि रब्बीची. ऋतूप्रमाणे काय पिकते हे थोडे ठाऊक असले, की निम्मी ओळख तिथेच होते. हिवाळ्यात बोरे, तूर, ओला हरभरा आणि हुरडा, फेब्रुवारीपासून द्राक्षे, असा तो क्रम असतो.

डाळिंबाच्या बाबतीत मी स्वतः चुकले आहे. काही वर्षांपूर्वी एका आठवडी बाजारात, कागदाच्या कात्रणात मांडलेली एकसारखी लालबुंद फळे पाहून ती शेतकऱ्याचीच असतील असे गृहीत धरून मी पेटीच घेतली आणि पुण्याच्या नातेवाइकांना ‘थेट बागेतली’ म्हणून पाठवली. खालच्या थरातली फळे आतून काळपट निघाली. विकणाऱ्याने काही खोटे सांगितले नव्हते. मी विचारलेच नव्हते. एकसारख्या आकाराची, प्रतवारी करून पेटीत बसवलेली फळे बहुधा लिलावातून आलेली असतात. सोलापूरच्या डाळिंबालाही २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे आणि जिल्ह्यात फळ बहराप्रमाणे, म्हणजे झाड कोणत्या हंगामात फुलले त्याप्रमाणे, वर्षातून वेगवेगळ्या वेळी तयार होते, तेव्हा इथे घाई करण्याचे कारण नसते. पिकलेले डाळिंब चेंडूसारखे गोल राहत नाही, त्याला किंचित कोन येतात आणि आकाराच्या मानाने ते हाताला जड लागते. शेतकरी बाजारात ‘हे कोणत्या बहराचे?’ असे विचारून पाहावे. पिकवणाऱ्याला त्याचे उत्तर शोधावे लागत नाही, आणि मग तो पाणी कधी तोडले, छाटणी कधी केली, तेलकट डाग रोगाने किती झाडे गेली, हेही सांगत बसतो.

भाव करण्याची रीतही निराळी. आठवडी बाजारात घासाघीस हा बोलण्याचाच भाग असतो; सकाळी सांगितलेला भाव आणि दिवस मावळताना, बाजार उठायच्या वेळचा भाव यांत बरेच अंतर पडते, कारण उरलेली भाजी पुढच्या गावापर्यंत टिकणार नसते. ताजे हवे असेल तर सकाळी जावे, स्वस्त हवे असेल तर संध्याकाळी. पहिल्या गिऱ्हाइकाने मात्र भवानीच्या वेळी फार ताणू नये, अशी रीत आहे. शेतकरी बाजारात मला घासाघीस पटत नाही. अडत, हमाली आणि मधल्या हातांचा नफा वगळून तो भाव ठरलेला असतो. त्यातून आणखी दहा रुपये कापून मागणे म्हणजे ज्या मधल्या माणसाला बाजूला सारण्यासाठी हा बाजार उभा राहिला, त्याच्याच जागी आपण जाऊन बसणे. सुट्टीवर आलेल्या माणसाने तर ते करूच नये. तिथला माल सकाळीच संपतो, त्यामुळे उन्हे चढायच्या आत पोहोचावे.

काही जण हैदराबाद रस्त्यावरच्या श्री सिद्धेश्वर कृषी उत्पन्न बाजार समितीलाच शेतकरी बाजार समजतात. तो घाऊक व्यवहाराचा आवार आहे. तिथला कांद्याचा लिलाव पाहण्यासारखा असतो, पण दोन किलो कांदा घ्यायला ती जागा नव्हे.

हाताशी एकच दिवस असेल, तर माझे मत असे: मुले बरोबर असतील आणि गाव पाहायचे असेल, तर आठवडी बाजार निवडावा, घरी काही न्यायचे असेल, तर शेतकरी बाजार. हुरड्याच्या दिवसांत, साधारण डिसेंबरअखेरीपासून, दोन्हीकडे कोवळी कणसे दिसतात. ती त्याच दिवशी भाजून खावीत, कारण दुसऱ्या दिवशी दाण्यातला गोडवा उतरतो. ज्वारी नेणार असाल तर कापडी पिशवी न्यावी, सुटे पैसे बरोबर ठेवावेत आणि घरी पोहोचल्यावर डब्यात भरण्यापूर्वी तिला दोन दिवस कडक ऊन दाखवावे.