लोटस ७८ की ७९? गाडी मागून बघा

काळ्या-सोनेरी रंगातल्या लोटस या ब्रिटिश संघाच्या शर्यतीच्या गाडीचा फोटो कुठेही टाकला की खाली ठरलेली ओळ येते: ‘लोटस ७९, ग्राउंड इफेक्टची पहिली फॉर्म्युला वन गाडी.’ ग्राउंड इफेक्ट म्हणजे गाडीखालच्या हवेचा दाब उतरवून गाडी रस्त्याकडे खेचणं. पुष्कळदा फोटो आधीच्या मॉडेलचा, ७८चा असतो. ओळ तर दर वेळी चूक.

७९ सगळ्यांना पाठ आहे. १९७८, मारिओ आंद्रेत्ती जगज्जेता, पाठोपाठ रॉनी पीटरसन. ती उजळणी पुरे.

साइडपॉडच्या (चालकाच्या दोन्ही बाजूंच्या फुगीर भागांच्या) तळाला उलट्या पंखाचा आकार द्यायचा आणि कडेची रस्त्यापर्यंतची फट स्कर्टने, म्हणजे खाली लोंबणाऱ्या पडद्याने, बंद करायची, ही करामत ७८ची. लोटसचा संस्थापक कॉलिन चॅपमनच्या हाताखाली पीटर राइट, टोनी रड, राल्फ बेलामी या मंडळींनी ती घडवली आणि १९७७च्या अर्जेंटिना ग्रां प्रीला मैदानात उतरवली. ‘७८ म्हणजे कच्चा प्रयोग’ म्हणणाऱ्यांनी विजय मोजावेत: १९७७ मध्ये पाच (चार आंद्रेत्तीचे, एक गुन्नार निल्सनचा), १९७८च्या सुरुवातीला अर्जेंटिना आणि दक्षिण आफ्रिका. एकूण सात. ७९चे सहा! १९७७ मध्ये सर्वाधिक शर्यती आंद्रेत्तीनेच जिंकल्या होत्या. विजेतेपद हुकलं त्यात वारंवार फुटणाऱ्या इंजिनांचा हात मोठा.

मग फरक कशात? इंजिनात नाही, दोन्हींत कॉसवर्थ डीएफव्ही. स्कर्टमध्येही नाही, जरी लोक तिथेच अडकतात. ७८ने सुरुवात ब्रशसारख्या केसांच्या स्कर्टने केली हे खरं, पण पुढे ते बदलत गेले. खरा फरक आहे हवा गाडीखालून बाहेर कशी पडते यात.

तळाचा बोगदा मध्ये अरुंद असतो. तिथे हवेचा वेग वाढतो, दाब उतरतो आणि गाडी खाली खेचली जाते. पण बोगदा मागे मोकळेपणी रुंदावला नाही, तर हवा तुंबते आणि मधला वेगच पडतो. ७८मध्ये नेमकं हेच होतं. मागच्या स्प्रिंगा, डॅम्पर (धक्के शोषणारे नळकांडे) आणि एक्झॉस्टच्या नळ्या बोगद्याच्या तोंडाशीच आडव्या. त्यामुळे खाली खेचणारी ओढ कमी मिळायची आणि मिळायची ती पुढच्या बाजूला. पुढची चाकं घट्ट चिकटलेली, मागची हलकी. तोल साधायला मागे मोठा पंख लावावा लागे. पंख मोठा म्हणजे हवेचा अडथळा मोठा, आणि सरळ रस्त्यावर गाडी मंद.

७९मध्ये स्प्रिंगा-डॅम्पर आत, गिअरबॉक्सला लगटून घेतले आणि एक्झॉस्ट वर उचलला. ७८मध्ये इंधनाच्या टाक्या तीन, एक चालकामागे आणि एकेक दोन्ही साइडपॉडमध्ये. ७९मध्ये चालकामागे एकच. बोगदा मागच्या चाकांच्या मधून थेट मोकळा झाला, ओढ मागे सरकली आणि लहान पंखावर भागू लागलं. १९७८च्या झोल्डरला (बेल्जियम) दोन्ही गाड्या एकाच शर्यतीत धावल्या: आंद्रेत्ती नव्या ७९मध्ये पहिला, पीटरसन ७८मध्ये दुसरा.

मोकळ्या बोगद्याची किंमतही होती. ओढ वाढली तसा सांगाड्यावर ताण वाढला, आणि ७९चा सांगाडा पुरेसा ताठ नव्हता. प्रतिस्पर्धी विल्यम्स संघाच्या एफडब्ल्यू०७ गाडीने हीच कल्पना जास्त ताठ सांगाड्यावर बसवली. १९७९ मध्ये ७९ला एकही विजय मिळाला नाही.

इटलीतल्या मोंझाच्या शर्यतीचा घोळही इथेच मिटवू. १९७८च्या त्या जीवघेण्या अपघातात पीटरसन ७९मध्ये नव्हता. सकाळच्या सरावात त्याची ७९ आपटली, म्हणून तो जुन्या ७८मध्ये बसला.

फोटो ओळखताना रंगावर अजिबात विसंबू नका. १९७७च्या फुजीला (जपान) निल्सनची ७८ लाल होती आणि १९७९ची ७९ प्रायोजक मार्टिनीच्या हिरव्या रंगात. मागच्या चाकांपाशी पाहा. साइडपॉड चाकांच्या अलीकडेच संपतात आणि पाठीमागे स्प्रिंगा उघड्या दिसतात ती ७८. साइडपॉडची रेघ तशीच मागे चाकांच्या मधून निघून गेली आणि इंजिन कव्हरखाली झाकलेलं असलं, तर ७९. फोटो फक्त समोरून काढलेला असेल तर ओळ न लिहिलेलीच बरी.