शॉर्टलिस्ट म्हणजे काम पक्कं नव्हे

‘शॉर्टलिस्ट झालो, म्हणजे रोल मिळाला’ हा नवोदित कलाकारांत वर्षानुवर्षं पसरलेला गैरसमज आहे. या भरवशावर मुलं नोकरी सोडतात, हातातली कामं नाकारतात.

शॉर्टलिस्टचा अर्थ एवढाच की कास्टिंग डायरेक्टरने एका भूमिकेसाठी काही ऑडिशन निवडून पुढे पाठवल्या. त्या दिग्दर्शक बघतो, निर्माता बघतो आणि मालिका असेल तर चॅनेलही बघतं. पुढे लुक टेस्ट होते: मेकअप, कपडे, केस करून कॅमेऱ्यासमोर उभं करतात. मालिकेच्या मुख्य भूमिकेसाठी बऱ्याचदा मॉक शूटही होतं, समोरच्या कलाकारासोबत एक पूर्ण सीन. चांगला अभिनय करूनही माणूस इथे गळतो, कारण जोडी शोभत नाही, उंची जुळत नाही किंवा तारखा बसत नाहीत.

‘लॉक’, म्हणजे भूमिकेसाठी तुमचं नाव ठरलं, हा शब्द आला की काम खूप जवळ आलं. तरी करारावर सही होईपर्यंत तेही तोंडीच. सहीपूर्वी विचारून घ्या: मानधन दिवसावर की एकरकमी, शिफ्ट किती तासांची, पैसे किती दिवसांनी मिळणार. मालिकांमध्ये ९० दिवसांनी पैसे देण्याची पद्धत सर्रास आहे, म्हणून पहिले तीन महिने भाड्याची सोय आधी हवी.

‘शॉर्टलिस्ट झालात, आता आर्टिस्ट कार्डाचे (कलाकार संघटनेच्या ओळखपत्राचे) किंवा पोर्टफोलिओचे (फोटोंच्या संचाचे) पैसे भरा’ असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. ऑडिशन द्यायला कार्ड लागत नाही.